आधी वायर बघा

आमच्या मदतीच्या फोनवर कुणी 'हॅलो' म्हणत नाही. थेट 'दिसत नाही' म्हणतात. काय दिसत नाही, कुणाला दिसत नाही, आपण कोण, कुठून बोलताय, हे सगळं मी विचारल्यावर. गेली अकरा वर्षं मी कोथरूडमध्ये एका इस्त्रीच्या दुकानावरच्या मजल्यावर बसून हे 'दिसत नाही' ऐकते आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही इतक्या वेळा ऐकलं नसेल.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची लहानशी कंपनी नवशिक्यांसाठी एक संच करते. त्यात तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, काही दिवे, एक मोटर, एक बझर, एक बटण आणि एक वायर असते. वायरीने बोर्ड संगणकाला जोडायचा आणि पडद्यावर रंगीत ठोकळे ओढून एकाखाली एक लावायचे. 'बटण दाबलं तर', 'दोन सेकंद थांब', 'दिवा लाव'. टाइप काही करायचं नाही. ठोकळे ज्या क्रमाने लावाल तसा बोर्ड वागतो. आठ वर्षांच्या मुलीला हे अर्ध्या तासात जमतं. तिच्या वडिलांना दोन दिवस लागतात, कारण ते आधी तिला समजावून सांगायला बसतात.

या सगळ्यात एकच अडचण. बोर्ड जोडला की संगणकाला तो ओळखता आला पाहिजे. आपल्या सोसायटीच्या गेटवर अनोळखी माणूस आला की वॉचमन विचारतो, कुणाकडे? वरून कुणी 'हो, आमच्याकडे' म्हणालं नाही तर तो माणूस गेटवरच उभा. हातात मिठाईचा पुडा असला तरी उभा. ही ओळख पटवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो संगणकात नसला तर बोर्ड 'दिसत नाही'. (ड्रायव्हर रजेवर गेला आहे का, हा विनोद मला महिन्यातून दोनदा ऐकवला जातो. आपण तो केलात असं मी धरून चालते.) पूर्वी आमच्या बोर्डाला संगणक आपणहून ओळखायचे. मग आमच्या सरांनी त्यावरची एक बारकी चिप बदलून स्वस्तातली घेतली आणि मला कायमचं काम लागलं. हे मी निर्धास्तपणे लिहिते आहे, कारण सर दिवाळी अंक फक्त जाहिरात बघायला उघडतात.

माझी एक पद्धत आहे. टेबलावर काचेखाली सात प्रश्नांचा कागद आहे आणि मी तो क्रम सोडत नाही. पहिला प्रश्न वायरीचा. समोरचा कितीही कळवळून सांगत असला तरी मी म्हणते, ते ठीक आहे, आधी वायर बघा. फोन ठेवला की नोंदवहीत नाव, तक्रार आणि कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यात 'ग्राहकाची चूक' इतक्या वेळा लिहावं लागतं, की त्याचं मी 'ग्राचू' करून टाकलं. ऑफिसात आता सगळे तोच शब्द वापरतात. सर तर घरीही वापरतात, असं त्यांच्या सौभाग्यवती म्हणत होत्या.

वायरीवर माझा एवढा राग का, ते शनिवार पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांमुळे कळेल. ते बँकेत अधिकारी होते. हे त्यांनी नावाच्या आधी सांगितलं. गच्चीवरची टाकी भरली की घरात बझर वाजावा एवढीच त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी ते आमचा संच घेऊन बसले होते. बोर्ड दिसत नव्हता. ड्रायव्हर त्यांनी तीनदा टाकला होता, सूचनापत्रातल्या व्याकरणाच्या चुकांवर खुणा करत. मी वायरीबद्दल विचारलं.

"वायर उत्तम आहे. बोर्डावरचा दिवा लागतोय की."

"आमच्या डब्यातली आहे ना?"

"नाही, ही मोबाइलची. सहा वर्षं निष्ठेने काम करते आहे."

"मग आमची कुठे आहे?"

"ती कपाटात ठेवली आहे."

"का?"

"अहो बाई, ती नवी आहे."

यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. वायरीच्या आत चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन बोलणं नेतात. फक्त मोबाइल चार्ज करायच्या स्वस्त वायरीत बोलण्याच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. दिवा लागतो म्हणजे पोट भरतंय, संवाद चालू आहे असं नाही. हे मी त्यांना सांगितलं. मग ते म्हणाले, हे उदाहरण आपण आमच्या घरावरून दिलंत का? नवी वायर कपाटातून निघाली, टाकीचा बझर वाजला. दुसऱ्या दिवशी नवी वायर पुन्हा कपाटात गेली असणार, कारण आठवड्याने परत फोन आला.

आयटीतली मंडळी वेगळी. 'मी स्वतः आयटीत आहे' असं कुणी म्हणालं की मी खुर्ची जरा पुढे ओढून घेते, कारण आता वेळ लागणार. बाणेरच्या एका साहेबांनी मुलीचा बोर्ड ऑफिसच्या लॅपटॉपला जोडला होता. त्या लॅपटॉपवर काहीही नवीन टाकायचं तर त्यांच्या ऑफिसच्या मदत केंद्राची परवानगी लागते. मी म्हटलं, मागा की. ते म्हणाले, आमचं मदत केंद्र फार वाईट बोलतं हो. मला त्या मदत केंद्राबद्दल आपुलकी वाटली. शेवटी बायकोच्या जुन्या लॅपटॉपवर काम झालं. ग्राचू.

अशा नोंदींनी माझ्या वह्या भरल्या आहेत आणि त्यांचा मला अभिमानच होता. आता मात्र या वहीत तीन 'ग्राचू' असे आहेत, की ते पान उघडलं की मी पटकन उलटते. त्यांचीच गोष्ट सांगायला बसले होते.

वारज्याच्या एका शाळेतून सोमवारी सकाळी फोन आला. इंगळेबाई. मूळच्या अमरावतीकडच्या, नवरा कारखान्यात, या शाळेत दोन वर्षं. वाक्यागणिक 'जी' म्हणायच्या. शाळेने आमचे आठ संच घेतले होते आणि आठही संगणकांवर बोर्ड दिसत नव्हते. मी सात प्रश्न विचारले. वायरी आमच्याच होत्या. ड्रायव्हर नव्हता. तो कसा टाकायचा ते सांगितलं. बाईंनी एका संगणकावर टाकला, बोर्ड दिसला, दिवा लुकलुकला, पाठीमागे मुलं ओरडली. उरलेल्या सातांवर शाळा सुटल्यावर टाकते म्हणाल्या. फार व्यवस्थित बाई वाटल्या, तरी वहीत सवयीने ग्राचूच लिहिलं.

मंगळवारी सकाळी पुन्हा त्याच. "मॅडमजी, आठही ठिकाणी गेला."

"गेला म्हणजे?"

"काल होता जी. आज नाही."

माझ्या अनुभवात ड्रायव्हर जात नाही. एकदा टाकला की तो संगणकात बसून राहतो, चिवट पाहुण्यासारखा. म्हणून मी ठरवलं, की बाईंनी शेवटची पायरी गाळली. पुन्हा सगळं सांगितलं, जरा सावकाश, जसं लहान मुलांना सांगतात. वहीत लिहिलं, ग्राचू. बुधवारी तिसऱ्यांदा तेच. त्या दिवशी बाई थोडं जास्त बोलल्या. त्यांची नेमणूक तात्पुरती होती, वर्षावर्षाची. हा नवा वर्ग त्यांनी मागून घेतला होता. शनिवारी पालक आणि संस्थेचे अध्यक्ष तो बघायला येणार होते. बोर्ड चालले तर वर्ग राहणार, वर्ग राहिला तर पुढल्या वर्षी बाई राहणार. नाहीतर संच कपाटात आणि बाई घरी.

मी म्हटलं, ते ठीक आहे, आधी वायर बघा.

वायर ठीक होती. बाकीच्या सहा प्रश्नांची उत्तरंही बाईंनी दिली, आता त्या प्रश्न पुरा होण्याआधीच द्यायला लागल्या होत्या. मला जेवायला उशीर झाला होता. मी म्हणाले, "अहो बाई, ड्रायव्हर पाय फुटून पळून जात नाही. तुम्ही तो टाकलेलाच नाही."

पलीकडून आवाज आला. "बरं जी."

ग्राचू. तिसरा.

गुरुवारी फोन आला नाही. मला वाटलं, बोलण्याचा उपयोग झाला. माणसाला कधीकधी खडसावावं लागतं, असंही वाटलं. शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या मोबाइलवर बाईंकडून सोळा फोटो आले. सोबत एक शब्द नाही. पहिले आठ गुरुवारी संध्याकाळचे. आठ पडदे, आठही ठिकाणी बोर्ड ओळखलेला, कोपऱ्यात वेळ साडेपाचच्या आसपास. दुसरे आठ शुक्रवारी सकाळी सव्वासातचे. तेच पडदे, आणि प्रत्येकावर बोर्डाच्या नावाच्या जागी तो पिवळा त्रिकोण, 'याला मी ओळखत नाही' म्हणणारा.

मी चहा बाजूला ठेवला. फोटो मोठे करून बघायला लागले. संध्याकाळच्या फोटोंत पडद्यावर मुलांनी जपून ठेवलेल्या फायली होत्या. एकीचं नाव 'सई', एकीचं 'सहावी ब', एकीचं नुसतंच 'रोबो रोबो'. सकाळच्या एकाही फोटोत त्या नव्हत्या. म्हणजे फक्त ड्रायव्हर जात नव्हता. शाळा सुटल्यापासून भरेपर्यंत कुणीतरी अख्खी पाटीच पुसत होतं. सोमवारपासून हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण आमचं ठोकळ्यांचं सॉफ्टवेअर थेट संचासोबतच्या पेनड्राइव्हवरून चालतं. ते रोज सकाळी जागच्या जागी होतं. संगणकाच्या पोटात टाकावा लागतो तो एकटा ड्रायव्हरच. आणि मुलांच्या फायलींबद्दल विचारणारा प्रश्न माझ्या सातांत नाही.

दुपारी स्कूटर काढून वारज्याला गेले. फोनवरचं काम सोडून मी सहसा कुठे जात नाही. संगणक कक्षाबाहेर चपला काढायच्या, आत खिडक्यांना पडदे, प्रत्येक संगणकावर भरतकाम केलेलं कापड. मी एका पडद्यावर रिकामी फाइल ठेवली, संगणक बंद केला, चालू केला. फाइल गायब. इंगळेबाई शेजारी उभ्या होत्या. अंगाने बारीक, पदर खोचलेला, हातात खडूचा डबा.

तेवढ्यात कक्षाचे प्रमुख साठेसर आले. गणिताचे जुने शिक्षक, निवृत्तीला दोन वर्षं. मी विचारल्यावर त्यांनी अगदी सहज सांगितलं. मुलं पडद्यावरची चित्रं बदलतात, खेळ टाकतात, म्हणून त्यांनी फार वर्षांपूर्वी एका दुकानदाराकडून सगळ्या संगणकांना एक कुलूप घालून घेतलं होतं. दिवसभर काहीही करा. संगणक बंद करून चालू केला की सगळं पहिल्यासारखं, पहिल्या दिवसासारखं. रोज शाळा सुटल्यावर शिपाई मेन स्विच बंद करायचा, म्हणजे रोज सकाळी नवा जन्म.

"माझ्या लॅबमध्ये आजवर एक मशीन बिघडलेलं नाही," साठेसर म्हणाले.

"हे कुलूप इंगळेबाईंना माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं नाही."

इंगळेबाई पहिल्यांदा बोलल्या. "मुलांच्या फायली रोज जाऊन राहिल्या होत्या जी. मला वाटलं, हे लोक सेव्हच करत नाहीत. सईला तर मी बाकावर उभं केलं."

त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, पण मला ते नीट ऐकू आलं. बाकावर उभं करायला मला शाळा लागली नव्हती, फोन पुरला होता. मी म्हणाले, "तुमचं बरोबर होतं."

"माहीत होतं जी," बाई म्हणाल्या, आणि खडूचा डबा कपाटात ठेवायला गेल्या.

कुलपाचा पासवर्ड साठेसरांना आठवत नव्हता. दुकानदाराला फोन लावला. तो आता मोबाइलची कव्हरं विकतो आणि त्याला ती शाळाही आठवत नव्हती. कुलूप निघणार नाही म्हटल्यावर एकच मार्ग उरला. शनिवारी सकाळी लवकर येऊन आठही ठिकाणी ड्रायव्हर टाकायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत एकही संगणक बंद होऊ द्यायचा नाही. चालू आहे तोवर सगळं शाबूत. साठेसर हो म्हणाले. ते हो म्हणतात तेव्हा मान हलवत नाहीत, हे मला तेव्हा जरा खटकलं होतं.

शनिवारी सात वाजता मी आणि बाई कामाला लागलो. चार त्यांनी केले, चार मी. त्यांचे आधी झाले. साडेनऊला मुलं आपापल्या बोर्डांपाशी बसली, मोटरी फिरत होत्या, बझर नको इतके वाजत होते. पालक व्हरांड्यात जमले. अध्यक्ष मुख्याध्यापिकांच्या खोलीत चहा घेत होते. आणि साठेसर शिपायाला घेऊन कक्षात शिरले आणि म्हणाले, मेन बंद कर.

मी म्हटलं, काय?

साठेसरांनी छापील कार्यक्रमपत्रिका दाखवली. पहिली ओळ, 'अध्यक्षांच्या हस्ते कळ दाबून संगणक वर्गाचे उद्घाटन'. अध्यक्ष येणार, मेन स्विच वर करणार, सगळे दिवे आणि पडदे एकदम लागणार, टाळ्या. सर म्हणाले, आधी अंधार पाहिजे ना, मॅडम, त्याशिवाय उद्घाटन कसं होईल? काल कुलपाबद्दल बोलणं झालं होतं हे त्यांना मान्य होतं. पण ते संगणकांचं, हे उद्घाटनाचं. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत होत्या.

आठ संगणकांना निदान तासभर लागला असता. अध्यक्षांना चहाला फार तर दहा मिनिटं. मी बोलायला तोंड उघडलं, कारण मी तिथे बाहेरची होते आणि माझं काही जाणार नव्हतं. पण माझ्याआधी इंगळेबाई चालत गेल्या आणि मेन स्विचच्या डब्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. शिपाई हात वर केलेला तसाच थांबला.

"सर, मेन बंद होणार नाही."

"पत्रिकेत छापलंय, बाई."

"कळ दाबून छापलंय जी. कोणती कळ ते नाही छापलं."

"मग अध्यक्ष काय दाबणार?"

"हे," बाई म्हणाल्या आणि सईच्या बोर्डावरच्या बटणाकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी शिपायालाच डब्यापाशी उभं केलं, कुणाला हात लावू देऊ नका म्हणून, आणि सईच्या शेजारी बसल्या. दोघींनी पडद्यावर ठोकळे ओढायला सुरुवात केली. पुठ्ठ्यावर 'स्वागत' लिहून त्याच्या कडेला दिवे टोचले. माझी मदत कुणी मागितली नाही. मी एकदा सुचवलं, की तो ठोकळा वर घ्या. सईने 'नको' म्हणून सांगितलं.

अध्यक्ष आले. पांढरा शर्ट, हातात गुलाबाचं फूल. बाईंनी बोर्ड पुढे केला, त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. अध्यक्षांनी साठेसरांकडे बघितलं, साठेसरांनी माझ्याकडे. मी सवयीने वायरीकडे बघितलं. बाई मात्र कुणाकडेच बघत नव्हत्या. ओठ हलवत आकडे मोजत होत्या. मग सगळे दिवे एकदम लागले आणि बझर असा वाजला, की अध्यक्षांच्या हातातलं फूल खाली पडलं. सईने तिथे 'दोन सेकंद थांब' हा ठोकळा मुद्दाम घातला होता. मला नंतर म्हणाली, लगेच लागलं तर मजा काय?

अध्यक्ष म्हणाले, पुन्हा दाबू का? त्यांनी चारदा दाबलं. भाषण राहून गेलं, याबद्दल तिथे कुणालाच वाईट वाटलेलं दिसलं नाही. पुढचा तासभर पालक मुलांच्या मागे उभे राहून 'आता हा ठोकळा टाक' म्हणत होते आणि मुलं त्यांना गप्प बसवत होती. निघताना साठेसर मला म्हणाले, कार्यक्रम छान झाला, पण अंधार असता तर अजून उठून दिसला असता.

उन्हाळ्याच्या सुटीत ते संगणक मुळापासून नव्याने बसवून घेतले, कुलूप गेलं. मी मात्र त्या कार्यक्रमानंतर ऑफिसात आल्याबरोबर सोमवार, मंगळवार आणि बुधवारच्या नोंदी खोडल्या. त्या जागी काय लिहायचं, यावर अडले. स्वतःच्या चुकीसाठी आमच्याकडे लघुरूप नव्हतं. अकरा वर्षांत त्याची गरज पडली नव्हती, किंवा पडली होती आणि मी ग्राचू लिहून मोकळी झाले होते. आता ते कसं शोधणार? तीनदा पुरं लिहिलं, 'माझी चूक'. शब्द दोनच, पण रकाना अपुरा पडला. आणि काचेखालच्या कागदावर वायरीच्याही वर एक प्रश्न हाताने लिहिला. काल चालत होतं का?

जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात फोन वाजला. पलीकडून नेहमीसारखं, हॅलो नाही, काही नाही.

"मॅडमजी, बोर्ड दिसत नाही."

आवाज ओळखला. म्हणजे नेमणूक झाली होती. पाठीमागे मुलांचा गलका होता, पूर्वीपेक्षा मोठा. मी नव्या प्रश्नापासून सुरुवात करून अगदी नम्रपणे विचारलं, "काल चालत होतं का, बाई? संगणक बंद करून चालू केल्यावर फायली राहतात ना? कुणी काही नवीन बसवलंय का?"

"हो जी, चालत होतं. फायली आहेत, सगळं आहे."

"मग मी येऊन बघू का?"

बाईंचा आवाज आला, आणि त्या हसत होत्या हे फोनवरही कळत होतं.

"आधी वायर विचारा ना जी. या वेळी वायरच आहे."